बोर्डाची परीक्षा आणि मुलांची पोटदुखी

फेब्रुवारी महिना लागला की दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण वाढू लागतात. बारावीची परीक्षा सुरू होते, पाठोपाठ दहावीची. कुणाचे सकाळी पोट दुखते, कुणाला पुस्तक उघडले की मळमळते, कुणाला रात्रभर झोप नसते. सोबत आलेली आई म्हणते, "डॉक्टर, अभ्यास टाळायला नाटक करतोय की काय, जरा बघा." तपासले तर ताप नसतो, पोट मऊ असते, लघवीचा रिपोर्टही ठीक असतो. मग हे नाटक समजायचे का? मुळीच नाही. त्या मुलाचे पोट खरोखरच दुखत असते.

पोट का दुखते?

भीती वाटली की आपल्या शरीरात अॅड्रेनालीन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. संकटातून पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. त्यामुळेच ऐन पेपरच्या सकाळी पोटात कळ येते, पुन्हा पुन्हा शौचास जावे लागते. समोर वाघ असो वा बीजगणिताची प्रश्नपत्रिका, शरीराची प्रतिक्रिया सारखीच असते.

थोडी भीती उपयोगाचीही असते, तिच्यामुळे लक्ष लागते. मात्र ती एका मर्यादेपलीकडे गेली की पाठ असलेलेही आठवेनासे होते. "घरी येत होतं, पेपरात आठवलं नाही," असे मूल सांगते तेव्हा ते बहाणा करीत असेलच असे नाही.

मुलांच्या बाजूने पाहिले तर

पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून मुलांशी बोलले की वेगळेच चित्र दिसते. विषय अवघड आहे अशी तक्रार फार थोडी मुले करतात. त्यांना बोचते ते दुसरेच. शाळेतले सर त्यांना ओळखतात. वर्षभर केलेली मेहनत, मध्येच आलेले आजारपण, घरची अडचण सरांना ठाऊक असते. बोर्डाचा परीक्षक मात्र फक्त उत्तरपत्रिका पाहतो. मुंबईतल्या मुलाला आणि आपल्या तालुक्यातल्या मुलाला प्रश्नपत्रिका एकच. यात न्याय आहे, हे मुलांनाही पटते. पण परके केंद्र, अनोळखी पर्यवेक्षक, दारात भरारी पथक आणि नावाऐवजी बैठक क्रमांक, या सगळ्याचे दडपण पंधरा-सोळा वर्षांच्या जिवावर येणारच.

त्याहून मोठी भीती घरातली. "पेपराचं काही नाही, डॉक्टर, पण निकालाच्या दिवशी काकांचा फोन येईल," अशा अर्थाचे वाक्य अनेक मुलांच्या तोंडून ऐकले आहे. पेपर तीन तासांत संपतो, पण चुलत भावाशी होणारी तुलना वर्षभर चालते.

पालकांनी काय करावे?

१) झोप मोडू नये. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. रात्रभर जागून केलेला अभ्यास सकाळी दगा देतो.

२) चहा-कॉफी बेताने द्यावी. संध्याकाळी घेतलेल्या कॉफीचा अंमल मध्यरात्रीपर्यंत राहतो.

३) स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणारी टॉनिके घेऊ नयेत. त्यांचा खात्रीलायक पुरावा नाही. झोपेच्या गोळ्या मनाने तर कधीच देऊ नयेत.

४) मुलींची पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नयेत. काही मुलींना त्या घेणे योग्य नसते. डॉक्टरांना आधी विचारावे. मुलीला सतत थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

५) पेपरला उपाशी पाठवू नये. पोळी-भाजी, वरण-भात असे रोजचे साधे अन्न द्यावे. उन्हाचे दिवस असतात, पाण्याची बाटली सोबत असावी. उघड्यावरचा बर्फ घातलेला रस टाळावा.

६) एक पेपर झाला की घरी उत्तरे पडताळत बसू नये. झालेला पेपर बदलत नाही, पुढचा मात्र बिघडतो.

दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, उजव्या बाजूला खाली स्थिर राहत असेल, सोबत ताप, वारंवार उलटी किंवा वजनात घट असेल, तर परीक्षेचे म्हणून सोडून देऊ नये, लगेच दाखवावे.

धोक्याची खूण

मूल एकाएकी गप्प झाले, जेवण सोडले, आवडत्या वस्तू वाटू लागले किंवा "मी नसलो तर बरं" असे बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला मोकळे वाटते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मोफत बोलता येते.

नापास होणे म्हणजे वर्ष गेलेच असेही आता राहिलेले नाही. पूर्वी दहावीच्या मुलाला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. २०१५ साली दहावीची फेरपरीक्षा जुलैत घेण्यास सुरुवात झाली आणि त्याच वर्षी पुढे जाण्याची वाट मोकळी झाली. ही माहिती मुलाला निकालानंतर देऊन उपयोग नाही, पहिल्या पेपरच्या आधी द्यावी. "किती का मार्क पडेनात, तू घरी ये, पुढचं आपण मिळून बघू," एवढे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. पोटदुखीवर मी देतो त्या गोळीपेक्षा या वाक्याचा गुण लवकर येतो.