पावती पांढरी पडण्याआधी

हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षी खताची गोणी, बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप किंवा घरातला मिक्सर घेतला असेल, त्याची पावती ट्रंकेतून काढा आणि उजेडात धरा. त्यावरची अक्षरे नीट वाचता येतात का, ते पाहा. येत असतील तर उत्तमच. पण पुष्कळ घरांत आज अशी गत आहे की पावती जपून ठेवलेली आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही, आणि तिच्यावर काहीच नाही! नुसता कोरा, पिवळसर कागद.

मला हा धडा शेतातच मिळाला. दोन वर्षांपूर्वी मृगात मी सोयाबीनच्या तीन पिशव्या आणल्या. पेरणी चांगल्या ओलीवर केली, पाऊसही बेताचा झाला. शेजारच्या तुकड्यात घरचे बियाणे होते, ते दाट उगवले. विकतचे मात्र निम्म्याहून अधिक उगवलेच नाही. मी पिशवी घेतली, पिशवीचे लेबल घेतले, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेली पावती घेतली आणि तालुक्याला कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पावती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, “काका, यावर तर काहीच नाही.”

दुकानदार भला माणूस. त्याने संगणकातून दुसरी पावती काढून दिली. पण त्याचा माणूस गावाला गेलेला, मग वीज नाही, यात चार दिवस गेले. तोवर मोठा पाऊस झाला, शेतात पाणी साचले, आणि न उगवलेले बियाणे खराब होते की पाण्याने कुजले, हे कोणाला सांगता येईना. घात जायला नको म्हणून मी दुबार पेरणी उरकून घेतली. भरपाईची गोष्ट तिथेच संपली. कागद चार दिवस उशिरा आला तरी चालतो, पण शेत चार दिवस थांबत नाही.

दोष कोणाचा? दुकानदाराचा नव्हे, कार्यालयाचाही नव्हे. पावती कशी जपायची, हे मला ठाऊक नव्हते. ते आता तुम्हाला सांगतो.

मशीनच्या पावतीत शाई नसते

पूर्वी दुकानदार बिलबुकात कार्बन घालून पावती लिहून देत असे. त्यातले निळे अक्षर कधी कधी फिके असे, पण वीस-वीस वर्षे राहत असे. आता हातातल्या छोट्या मशीनमधून जी गुळगुळीत पट्टी बाहेर येते, तिच्यात शाईचा थेंबही नसतो. त्या कागदावरच एका बाजूला रसायनाचा पातळ लेप असतो. त्यात रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला काळे करणारे दुसरे रसायन शेजारी शेजारी असते. मशीनचे टोक बारीक बारीक ठिपक्यांनी तापते. जिथे ऊब लागते तिथे दोन्ही रसायने वितळून एकत्र येतात आणि कागद काळा होतो. याला थर्मल कागद म्हणतात, म्हणजे उष्णतेचा कागद.

ओळखायची रीत सोपी आहे. पावतीच्या कोऱ्या जागी नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली, तर तो थर्मल कागद समजावा. नखाच्या घर्षणाने जी ऊब झाली, तिनेच ती रेघ काढली.

खताच्या दुकानात अंगठा लावल्यावर मिळणारी पावती, रेशन दुकानातली पावती, एस. टी. चे मशीनचे तिकीट, ए. टी. एम. ची चिठ्ठी, पेट्रोल पंपाची पावती, पुष्कळ दूध केंद्रांवरची आणि वजनकाट्यांवरची चिठ्ठी, हे सगळे बहुधा याच जातीचे. बँकेच्या पासबुकाचे तसे नाही. ते मशीन शाईच्या फितीवर टाचण्या आपटून अक्षर उठवते, म्हणून जुन्या पासबुकातल्या नोंदी आजही वाचता येतात.

पावतीचे शत्रू

उष्णतेने उमटलेले अक्षर उष्णतेनेच बिघडते. ट्रॅक्टरच्या खोक्यात, मोटारसायकलच्या डिक्कीत, पत्र्याच्या घरात छपराला लागून ठेवलेल्या पिशवीत पावती तापली की सगळा कागदच काळवंडतो. उन्हाचा उजेड सतत लागला तर अक्षरे उडतात.

दुसरा शत्रू तेल आणि तूप. चुलीपाशी खिळ्याला टोचलेली पावती, किंवा तेलकट हाताने घडी घातलेली पावती लवकर फिकी पडते. हात धुवायचे सॅनिटायझर लागले तरी अक्षर जाते. ओलही वाईटच.

तिसरा शत्रू आपल्याला मित्र वाटतो, तो म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे पाकीट. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जी रसायने घातलेली असतात, ती हळूहळू कागदात उतरतात आणि अक्षरे खातात. माझी पावती बिघडली ती अशाच पाकिटात. चिकटपट्टी आणि डिंकही तेच करतात. फाटलेली पावती चिकटपट्टीने जोडली, तर आधी पट्टीखालची अक्षरे जातात.

आणि चौथी चूक लॅमिनेशनची. महत्त्वाचा कागद म्हणून काही जण थेट लॅमिनेशनला देतात. ते मशीन गरम असते. पावती आत पांढरी जाते आणि बाहेर काळीकुट्ट येते. थर्मल पावतीचे लॅमिनेशन कधीही करू नये.

आणखी एक गोष्ट आयाबायांसाठी. काही थर्मल कागदांत बिस्फेनॉल नावाचे रसायन असते. अशा कागदातल्या बिस्फेनॉल-ए वर युरोपात २०२० पासून बंधन आहे. म्हणून लहान मुलाच्या हातात खेळायला किंवा चघळायला ही पावती देऊ नका, आणि तिच्यात भजी, चटणी बांधू नका.

त्याच दिवशी झेरॉक्स

यावर खात्रीचा उपाय अगदी स्वस्त आहे. ज्या दिवशी वस्तू घ्याल, त्याच दिवशी, बाजारातून घरी येण्याआधी, पावतीची झेरॉक्स काढा.

झेरॉक्स टिकते याचे कारण तिच्या कामातच आहे. अमेरिकेत चेस्टर कार्लसन नावाचा एक माणूस पेटंटच्या कचेरीकामात होता. दिवसभर कागदांच्या नकला कराव्या लागत आणि त्याचे सांधे दुखत. त्यातून त्याने कोरड्या नकलेची युक्ती शोधली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कमधल्या अॅस्टोरिया या भागात त्याची पहिली नक्कल मेणकागदावर उमटली. त्या नकलेत त्या दिवसाची तारीख आणि त्या जागेचे नाव होते. पुढे एकवीस वर्षांनी, १९५९ साली, कचेरीत वापरता येईल असे यशस्वी मशीन बाजारात आले. ‘झेरॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत कोरडे, त्यावरून हे नाव पडले.

या मशीनमध्ये काळी भुकटी असते. ती विजेच्या भाराने अक्षराच्या जागी चिकटते आणि गरम रुळाखाली वितळून कागदात बसते. तिच्यात काजळी आणि प्लॅस्टिक असते, त्यामुळे साध्या उजेडाने ती उडत नाही आणि पाण्याने पसरत नाही. शाईच्या फवाऱ्याच्या प्रिंटरवर काढलेली नक्कल मात्र ओली झाली तर बहुधा फुटते. म्हणून दुकानात विचारून झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटच घ्या. मात्र झेरॉक्सही मऊ प्लॅस्टिकला चिकटून तिची अक्षरे पाकिटावर उमटतात, म्हणून ती कागदी पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवा. मूळ पावती टाकू नका. दोन्ही एका कोपऱ्याला टाचून ठेवा.

फोटो काढायचा तर असा

हल्ली घरोघरी फोन आहे, मग झेरॉक्स कशाला, असे मुले विचारतील. माझे मत असे की दोन्ही हवे. फोन पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. कागद मात्र ट्रंकेत पडून राहतो.

फोटो काढताना पावती गडद कापडावर सपाट पसरा. सावलीतला दिवसाचा उजेड घ्या, फ्लॅश लावू नका, कारण गुळगुळीत कागद चमकतो. चारही कोपरे दिसावेत, आणि पावतीचा नंबर मोठा करून वाचून पाहावा. बियाण्याचा असेल तर पिशवीवरच्या लेबलाचाही फोटो काढा. मग तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवा आणि खाली दोन शब्द लिहा: ‘सोयाबीन, खालचे रान, जून’. नाहीतर रोजच्या शुभ सकाळीच्या फुलांच्या चित्रांत तो फोटो कुठे बुडेल, ते सापडायचे नाही. हे काम घरातल्या शाळकरी मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवा. त्यांना ते पटकन जमते आणि घराच्या हिशेबाची ओळखही होते.

पावतीत काय पाहावे

पावती हातात पडल्यावर दुकानातच वाचा. तिच्यावर दुकानाचे नाव, पावती नंबर, तारीख, आपले नाव, पीक आणि वाण, लॉट नंबर, वजन, किंमत आणि विक्रेत्याची सही हवी. लॉट नंबर नसेल तर तो बॉलपेनने लिहून सही मागा. अक्षर आधीच फिके आले असेल, तर मशीनचा कागद किंवा बॅटरी बघायला सांगून दुसरी प्रत मागावी. यात भिडस्तपणा नको. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्यावर रोखीची असो वा उधारीची, पावती देण्याचे बंधन घातले आहे. आपण ती मागतो हा काही त्याच्यावर अविश्वास नव्हे.

पेरणी झाल्यावर पावती, रिकामी पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणे काढणी होईपर्यंत एकत्र ठेवावे. उगवण झाली नाही तर दिवस न दवडता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पंचनामा शेत जसेच्या तसे असतानाच व्हायला हवा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खरे. पण चढायचीच वेळ आली तर रिकाम्या हाताने चढू नये. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आता पाहा, कायदा आपल्याला दोन वर्षे देतो, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात उन्हात राहिलेली पावती काही महिन्यांतच कोरी होते. झेरॉक्सचे महत्त्व यातच आले.

अक्षरे उडालीच असतील तर

कोरी झालेली पावती फेकू नका. इस्त्री फिरवून अक्षरे परत येतात, असे कोणी सांगेल, पण त्यात सगळा कागद काळा होण्याची भीती जास्त. त्यापेक्षा तिचा फोटो काढून फोनमध्ये त्याचा काळेपणा वाढवून पाहा. पुसट नंबर पुष्कळदा वाचता येतो. नंबर किंवा तारीख मिळाली की दुकानदाराच्या संगणकातून दुसरी प्रत निघू शकते. फोनवरून पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा तारीख आणि रक्कम सांगतो. पण त्यात वाण आणि लॉट नंबर नसतो, म्हणून तो आधाराला चालेल, पावतीची जागा घेणार नाही.

मी काही नव्या मशीनच्या विरुद्ध नाही. तिने हिशेब चोख केला, रांग कमी केली, काट्यावरचे वजन डोळ्यांसमोर आणले. पण मशीन फक्त कागद देते, तो जपण्याचे काम आपलेच राहते. आमच्या घरी आता घरधनिणीने एक पुठ्ठ्याची फाइल केली आहे. खरीप, रब्बी आणि घरसामान असे तीन कप्पे आहेत. बाजारातून आल्यावर मी पिशवी खाली ठेवण्याआधी ती हात पुढे करते आणि विचारते, “झेरॉक्स आणली का?” नसेल आणली, तर चहा उशिरा मिळतो.

येत्या बाजाराच्या दिवशी तुम्हीही ट्रंक उघडा. ज्या पावत्या अजून वाचता येतात, त्या सगळ्या घेऊन जा आणि त्यांच्या झेरॉक्स काढून आणा. एका पिशवी बियाण्याच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.