आपला मतदारसंघ कसा ठरतो?



गावचा रस्ता खचला, शाळेची खोली पडायला आली, की पारावर एकच वाक्य ऐकू येते, "आमदारांच्या कानांवर घातले पाहिजे." आमदार कोण, हे सर्वांना ठाऊक असते. पण आपले गाव याच मतदारसंघात का, पलीकडच्या का नाही, ही हद्द आखली कुणी, असे विचारले तर सांगणारा विरळा. आज त्याचाच विचार करू या.

मूळ नियम राज्यघटनेच्या १७० व्या कलमात आहे. राज्याचे मतदारसंघ असे पाडायचे, की लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्यतो सगळीकडे सारखे राहील. पंगतीत वाढपी जसा ओळखीचा-अनोळखी असा भेद न करता सर्वांना सारखे वाढतो, तसेच हे. एकाच्या मताला दुसऱ्याच्या मतापेक्षा जास्त वजन येता कामा नये. आणि मोजायची ती माणसे, मतदार नव्हेत. पाळण्यातले मूलही या हिशेबात धरले जाते, कारण आमदार त्याचाही प्रतिनिधी असतो.

महाराष्ट्रात १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागा होत्या. १९६७ साली त्या २७० झाल्या, आणि १९७८ पासून २८८ आहेत. माणसे वाढली, मग जागा का थांबल्या? तर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यातला हेतू. पुढे २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली, पण राज्याच्या आतल्या हद्दी नव्याने आखायची वाट मोकळी केली. ते काम न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून केले, आणि नवे मतदारसंघ २००८ साली अमलात आले. अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या, अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर होती. तिला २८८ ने भागले, तर एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा सुमारे १७ लाख लोक आणि आमदार ७, म्हणजे एकामागे २ लाख ४२ हजार. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात ८१ लाखांवर लोक आणि आमदार १३, म्हणजे एकामागे ६ लाख २५ हजार! ठाण्याच्या अडीच माणसांना मिळून रत्नागिरीच्या एकाएवढे वजन. हे नियमाला धरून नव्हते. म्हणून ठाण्याच्या जागा २४ झाल्या, रत्नागिरीच्या ५, आणि सिंधुदुर्गाच्या ४ होत्या त्या ३. खेड आणि संगमेश्वर या नावांचे मतदारसंघ नकाशावरून गेले.

हिशेब चोख आहे. पण कोकणातल्या माणसाच्या मनात सल राहतो, आणि तोही खोटा नाही. घरटी एकजण मुंबईला किंवा ठाण्याला पोटासाठी जातो. शिमग्याला नि गणपतीला तो गावी येतो खरा, पण जनगणनेत तो जिथे राहतो तिथेच मोजला जातो. रोजगार नाही म्हणून माणूस गेला, माणूस गेला म्हणून जागा गेली, आणि जागा गेली म्हणून रोजगार मागणारा एक आवाज सभागृहात कमी झाला. शिवाय शहरातला मतदारसंघ पायी फिरून होतो, तर डोंगरातल्या वाड्यांना गाठायला आमदाराला दिवस मोडावा लागतो. माणसे सारखी असली, तरी वाट सारखी नसते.

कायद्याने याकडे अगदीच डोळेझाक केलेली नाही. हद्द आखताना भूगोल, तालुक्या-जिल्ह्याच्या सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे त्यात सांगितले आहे. आयोग आधी कच्चा आराखडा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि उघड बैठकीत ऐकून घेतो. एकदा अंतिम आदेश निघाला, की त्याला कायद्याचे बळ येते. मग विधानसभेलाही त्यात फेरफार करता येत नाही. म्हणजे बोलायचे ते आराखडा निघाल्यावर, आणि मुदतीत. नदी आडवी येते, पावसाळ्यात एस.टी. बंद असते, बाजार दुसऱ्या तालुक्याचा आहे, असे मुद्दे ग्रामसभेत ठरवून लेखी द्यावेत. नुसत्या कुरकुरीची नोंद कुठेच होत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, जनगणनेसाठी दारोदार जाणारे बहुतेक तुम्हीच असता. एक वाडी सुटली, तर तेवढी माणसे पुढल्या वाटणीतून सुटली, हे ध्यानात असू द्या. आणि वर्गात तालुक्याचा नकाशा लावून मुलांना आपल्या मतदारसंघाची हद्द रंगवायला सांगा. कुठली गावे आपल्यात, कुठली पलीकडे, हे मुले घरी जाऊन विचारतील, आणि घरातली मोठी माणसेही त्या नकाशाकडे वळून पाहतील.