बराकपूरचा सामना, बंगालचा चषक

बराकपूरच्या विभूतिभूषण बंद्योपाध्याय स्टेडियमवर कोलकाता फुटबॉल लीगचे सामने होतात. 1898 साली सुरू झालेली ही लीग इंडियन फुटबॉल असोसिएशन चालवते. बंगालच्या फुटबॉलचा कारभार याच संस्थेकडे. 2023 मध्ये प्रीमियर विभागाचे दोन थर एकत्र झाले: 26 संघ, दोन गट, प्रत्येक गटातले पहिले तीन ‘सुपर सिक्स’मध्ये.

क्लबच्या वरची पायरी राज्याची, म्हणजे 1941 पासूनची संतोष ट्रॉफी. 2024-25 मध्ये नऊ गटविजेते, आदल्या वर्षीचे अंतिम स्पर्धक सेनादल व गोवा आणि यजमान तेलंगणा असे 12 संघ हैदराबादच्या अंतिम टप्प्यात उतरले. 31 डिसेंबर 2024. केरळविरुद्ध गोलफलक कोरा, निर्धारित वेळ संपलेली. भरपाई वेळेत रॉबी हांसदाने गोल ठोकला आणि बंगालने 33व्यांदा चषक उचलला.

आयर्लंडच्या गेलिक खेळांतही क्लबच्या वर काउंटी, मग चार प्रांत आणि शेवटी ऑल-आयर्लंड अजिंक्यपद अशी चढण असते. फरक एवढाच, की तिथे काउंटी संघांमधला ऑल-आयर्लंड अंतिम सामना डब्लिनचं क्रोक पार्क भरून टाकतो. संतोष ट्रॉफीलाही तशी गर्दी लाभायला हवी.