उन्मूलन : झाडाचा बुडखा आणि छोटा ट्रॅक्टर

संस्कृतांत वृक्षास 'पादप' म्हणतात. पायांनीं पाणी पिणारा तो पादप. हे पाय म्हणजेच मुळें. झाड तोडून नेलें तरी तीं जमिनींतच राहतात; आणि पुढें नांगराचा फाळ मोडला, सुबाभळीस पुन्हा धुमारे फुटले, किंवा वाळवीनें ठाणें मांडलें, म्हणजे घरधन्यास त्यांची आठवण होते. हल्लीं अनेक बागाईतदारांच्या दारीं पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर उभा असतो. घरांतील तरुण मंडळी साहजिकच म्हणतात, "साखळी बांधूं आणि ओढूं!" या उत्साहांतच जिवाचा धोका आहे, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. इंजिन मागील आंस फिरवितें व चाकें गाडीस पुढें नेतात. परंतु बुडख्यानें गाडी जखडली व चाकें फिरेनाशीं झालीं, म्हणजे तेंच बळ आंसाभोंवतीं गाडीचें धूड फिरवूं लागतें. पुढील चाकें उचलतात आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलथतो. क्लच दाबण्यासही अवधि मिळत नाहीं. साखळी जितकी उंच बांधावी, तितकें हें उलथणें सोपें.

फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ पासून निघूं लागला, तेव्हां नांगर दगडास अडून तो असाच मागें उलथत असे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननें नांगर तीन बिंदूंनीं जोडण्याची युक्ति काढली. तिच्यांतील वरचा दांडा अशा वेळीं ट्रॅक्टरचें तोंड खालीं दाबून धरतो. ही जोडणी असलेला त्याचा ट्रॅक्टर १९३६ सालीं बाजारांत आला. आजच्या ट्रॅक्टरांसही ती असते. परंतु साखळीच जर त्या वरच्या दांड्यास बांधली, तर कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणावयाचें! साखळी मागील बाजूस, आंसाहून खालीं असलेल्या ड्रॉबारासच अडकवावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, बुडखा ओढून निघत नाहीं. तो मुळें तोडून निघतो. ओढणें हें शेवटचें काम. झाड तोडतांना बुंधा जमिनीसपाट न कापतां कमरेइतका राखावा. तो तरफेचें काम देतो. माती वाफशावर असतांना बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर चर खणावा, मुळें उघडीं करून त्यांवरील माती पाण्यानें धुवावी, मग कुऱ्हाड चालवावी. मातींतल्या खड्यांनीं धार जाते. आडवीं मुळें सुटलीं म्हणजे साखळी हळूहळू ताणून, सर्वांत खालच्या गिअरमध्यें, आळीपाळीनें दोन दिशांनीं ओढावें. हिसका कदापि देऊं नये. बुडखा हललाच नाहीं, तर खालचें सोटमूळ शिल्लक आहे असें समजून उतरावें व पुन्हा पहार-कुदळ हातीं घ्यावी.

ताणलेली साखळी तुटली तर सापासारखी उसळते. म्हणून तिच्यावर ओलें पोतें टाकावें, आणि तमाशा पाहण्यास जमलेल्या बाळगोपाळांस साखळीच्या लांबीच्या दुपटीहून दूर ठेवावें. चालकाच्या मागें संरक्षक कमान असावी व त्यानें पट्टा बांधलेला असावा.

जुन्या आंब्या-चिंचेच्या बुडख्यापुढें या छोट्या यंत्राचें कांहीं चालावयाचें नाहीं. तेथें तासाच्या भाड्यानें जेसीबी आणणें हेंच शहाणपण. शिवाय आंबा, चिंच, फणस, साग, जांभूळ इत्यादि झाडें तोडण्यापूर्वीं महाराष्ट्रांत १९६४ च्या कायद्याप्रमाणें परवानगी घ्यावी लागते, हेंही वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

बुडखा यंदा न निघाला तर पुढील वर्षीं निघेल. तोंवर त्याला वळसा घालून नांगर फिरवितां येतो. घरांतील कर्ता मुलगा मात्र गमावला, तर तो कोणत्याही वर्षीं परत येत नाहीं.