सॅक्सोफोन कन्नड बोलतो तेव्हा

इंदुरात सॅक्सोफोन म्हणजे वरात. पुढे रोषणाईचे दिवे डोक्यावर घेतलेली माणसं, मागे घोडीवर नवरदेव आणि मधे सिनेमातली गाणी वाजवणारे बँडवाले. आपल्या सीमाभागातही काही वेगळं चित्र नाही. त्या बँडमधला वाकड्या मानेचा, चिलमीसारखा दिसणारा चकचकीत भोंगा सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण ‘सॅक्सोफोन ऐकायला चला’ असं म्हणून कुणी बैठकीला गेल्याचं आपल्याकडे फारसं ऐकिवात नाही. जास्तीत जास्त पंचमदांच्या गाण्यांतला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आपल्या ओळखीचा.

या वाद्याचं दुसरंही एक आयुष्य आहे, आणि त्यातला एक मोठा अध्याय चक्क कानडी आहे. ज्या घरात आजी कन्नडमध्ये रागावते आणि आजोबा मराठीत समजूत काढतात, त्या घरांना तो माहीत असायला हवा.

थोडं मागे जाऊ. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याची गणना होते लाकडी फुंकवाद्यांत, कारण आवाज निघतो तो तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने ते घडवलं आणि 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे वाद्यांच्या कुटुंबात हे शेंडेफळच. व्हायोलिनसाठी शेदोनशे वर्षांचं संगीत तयार होतं, याच्यासाठी मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. मग वाजवायचं काय? ज्याला वाजवायचं असेल त्याने संगीतकाराकडे जायचं, पैसे मोजायचे आणि ‘माझ्या वाद्यासाठी लिहून द्या’ म्हणायचं.

या प्रथेची आद्य यजमान एक बाई होती, बोस्टनची एलिझ हॉल. ऐकू कमी येऊ लागल्यावर तिने हे वाद्य हाती घेतलं. तिने वीसहून अधिक रचना लिहवून घेतल्या, त्यातली एक थेट डेबुसीकडून. डेबुसीने पैसे घेतले आणि वर्षानुवर्षं काम काही पुरं केलं नाही! गुलाबी झग्यातल्या बाईने असलं बेढब वाद्य वाजवावं, याचीच त्याला गंमत वाटत होती. डेबुसी 1918 मध्ये गेला. त्याच्या अर्धवट कागदांवर दुसऱ्या संगीतकाराने हात फिरवला आणि 1919 मध्ये पॅरिसला ती रचना प्रथम वाजली, तीही एलिझबाईंशिवाय. आज सॅक्सोफोन शिकणारा जगातला प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी तिच्याशी गाठ घेतोच. हे श्रेय मी डेबुसीइतकंच बाईंच्या चिकाटीलाही देईन.

आता आपल्याकडे या. दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बंटवाळ तालुक्यात 1949 मध्ये एका नागस्वरवादकाच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव गोपालनाथ. वडील तनियप्पा यांच्याकडून त्याने नागस्वर उचललं. पण म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्याने सॅक्सोफोन ऐकला आणि त्याचा जीव तिथेच जडला. पुढे कद्री गोपालनाथ म्हणून गाजले ते हेच. त्यांची अडचण एलिझबाईंच्या अगदी उलट होती. वाजवायचं काय हा प्रश्नच नव्हता. त्यागराज, दीक्षितर, श्यामाशास्त्री, पुरंदरदास, सगळं भरलेलं घर! प्रश्न होता तो वाद्याचा. नागस्वराच्या उघड्या भोकावर बोट किंचित सरकवलं की स्वर वाकतो. सॅक्सोफोनच्या भोकांवर मात्र किल्ल्यांची झाकणं. बोट स्वराला शिवतच नाही. दाबा किंवा सोडा, मधलं काही नाही. आणि कर्नाटक संगीत तर सगळं त्या ‘मधल्या’तच राहतं, गमकांत. गोपालनाथांनी तो वाक ओठांतून आणि श्वासातून काढला, वाद्यातही काही फेरफार करून घेतले. हे वाद्य वश व्हायला वीसेक वर्षं लागली असं सांगतात.

1980 मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात त्यांचं वादन ऐकून कॅलिफोर्नियाचा सॅक्सोफोनवादक जॉन हॅंडी यांनी ‘मी तुमच्याबरोबर वाजवू का?’ म्हणून विचारलं आणि दोघं एका मंचावर आले. 1994 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात त्यांना बोलावणं आलं. तिथे वाजवणारे ते पहिले कर्नाटक संगीतकार. 2004 मध्ये पद्मश्री मिळाली. मंगळूरकडच्या लग्नांत आणि देवळांच्या जत्रांत आज जो सॅक्सोफोन सर्रास ऐकू येतो, त्याचं मूळ या एका माणसात आहे. 11 ऑक्टोबर 2019 रोजी मंगळुरात ते गेले.

त्यांच्या रेकॉर्डपैकी एक फिरत फिरत अमेरिकेत बोस्टनला पोचली. तिथल्या बर्कली संगीत महाविद्यालयात एक भारतीय वंशाचा मुलगा जॅझ शिकत होता. ‘सॅक्सोफोन, इंडियन स्टाइल’ असं काहीसं नाव पाहून त्याच्या थोरल्या भावाने थट्टेने ती त्याला भेट दिली. थट्टा भावाच्या अंगलट आली म्हणा हवं तर, कारण ती ऐकून धाकट्याची वाटच बदलली. मुलाचं नाव रुद्रेश महंतप्पा. आडनाव ऐकताच आपल्याकडच्या कुणालाही मूळ कुठलं ते विचारावं लागणार नाही. जन्म 1971 चा, इटलीतल्या त्रिएस्त गावी. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. वाढला तो अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात.

अशा घरातल्या मुलांना बाहेर एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘तू इंडियन बोलतोस का?’ किंवा त्याहून भारी म्हणजे, ‘तू हिंदू बोलतोस का?’ आपण हसून सोडून देऊ. रुद्रेशने सोडलं नाही. अमेरिकेतल्या निरनिराळ्या भारतीय माणसांना त्याने हाच प्रश्न केला आणि आपापल्या मातृभाषेत उत्तर द्यायला सांगितलं. कुणी म्हणालं अशी भाषाच नसते, कुणी म्हणालं मी अमुक बोलतो. ही उत्तरं ध्वनिमुद्रित करून तो ती पुन्हा पुन्हा ऐकत बसला. शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून फक्त चढ-उतार आणि लय. कुठलं अक्षर कुठल्या स्वराजवळ पडतं, कुठे ओढलं जातं, कुठे तुटतं, हे त्याने स्वरलिपीत उतरवलं आणि त्या ओळी सॅक्सोफोनवर घेऊन त्यांच्याभोवती पियानो, बास आणि ड्रम उभे केले. 2004 मध्ये ‘मदर टंग’ नावाचा संग्रह निघाला. त्यातल्या तुकड्यांची नावंच भाषांची आहेत: कन्नड, कोकणी, गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळम.

ही काय गंमत आहे ते घरच्या घरी कळेल. ‘जेवलास का?’ हे एकदा मोठ्याने म्हणा. लगेच ‘ऊटा आतेनु?’ म्हणा. आता ओठ मिटून दोन्ही वाक्यं फक्त गुणगुणा. दोन्हींत विचारपूस तीच, माया तीच. पण चाल एक आहे का? आपल्या घरातली चार वर्षांची पोरं हा फरक न शिकवता गिळून टाकतात. अक्का फोनवर कन्नडमध्ये बोलतेय की मराठीत, हे शेजारच्या खोलीत शब्द ऐकू न येताही त्यांना कळतं.

आणि हीच पोरं शाळेत जातात तेव्हा अर्जावर मातृभाषेसाठी एकच रकाना असतो. जनगणनेतही मातृभाषा एकच लिहायची, बाकीच्या ‘येत असलेल्या इतर भाषा’. आई एका भाषेची आणि वडील दुसऱ्या भाषेचे असलेल्या घरात त्या एका रकान्यावरून किती घोळ होतो, ते सीमाभागाला नव्याने सांगायला नको. आपल्याकडे भाषेवरून मोर्चे निघाले, दगडफेक झाली, पाट्यांना काळं फासलं गेलं. म्हणून मला रुद्रेशची ही युक्ती महत्त्वाची वाटते. ‘तू नक्की कोण?’ या बोचणाऱ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही, भांडणही काढलं नाही. त्या प्रश्नालाच त्याने कामाला लावलं.

इंदूरकरांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला 1924 मध्ये एका कन्नड घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, मुंबईला देवधरांकडे शिकले आणि 1948 मध्ये क्षयाच्या आजारात इंदूरजवळच्या देवासला येऊन राहिले. गायला बंदी होती. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर पडत होती ती माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी. ती त्यांनी टिपली, तपासली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. घरची भाषा कन्नड, शिक्षण मराठी वातावरणात आणि कान माळवीवर! रुद्रेशचं यंत्र वेगळं, देश वेगळा. पण माणसांच्या तोंडचं उचलून त्याचं संगीत करायचं, हा मार्ग आपल्याच एका माणसाने पन्नास वर्षं आधी चोखाळला होता.

योगायोग असा की त्याच 1948 मध्ये पॅरिसला पिएर शेफर नावाचा रेडिओतला इंजिनियर आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून, कापून, जोडून त्यातून रचना करत होता. वाद्याचा किंवा रोजच्या जगण्यातला आवाज यंत्रातून फिरवून ध्वनिक्षेपकातून ऐकवायचा, या प्रकाराची ती सुरुवात. पुढे सॅक्सोफोनवाल्यांनी ही वाट आपलीशी केली. डच संगीतकार याकोब तेर फेल्डहाऊस यांच्या 1999 च्या ‘ग्रॅब इट!’मध्ये ध्वनिफितीवर जन्मठेपेच्या कैद्यांचं ओरडणं आहे आणि त्यांच्या शब्दाला शब्द लावून सॅक्सोफोन वाजतो. ऐकायला सोपं नाही. पहिल्यांदा ऐकताना कान बंद करावेसे वाटतात, दुसऱ्यांदा मात्र सुटका होत नाही.

हे सगळं परदेशी खूळ असं समजू नका. इंदूरहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मोग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर अशा मंडळींनी तिथे प्रयोग केले. काही वर्षांतच काम थंडावलं आणि फिती कपाटात पडून राहिल्या. त्या अलीकडे सापडल्या आणि 2023 मध्ये जगासमोर आल्या. तिथे कुणी सॅक्सोफोनवाला फिरकला असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो खरा.

रुद्रेशकडे परत येऊ, कारण खरी भेट तर पुढेच आहे. ज्यांची रेकॉर्ड थट्टेत हाती आली, त्या गोपालनाथांना त्याने गाठलं आणि दोघांनी मिळून एक वाद्यवृंद उभा केला: ए. कन्याकुमारींचं व्हायोलिन, पूवलूर श्रीजींचा मृदंग आणि शेजारी गिटार, बास, ड्रम. नाव ‘दक्षिणा’. 2008 मध्ये त्यांचा ‘किन्समेन’, म्हणजे ‘भाऊबंद’, हा संग्रह आला. त्यात दोन आल्टो सॅक्सोफोन समोरासमोर आहेत. वाद्य तेच, पण एकाच्या ओठात नागस्वर आहे आणि दुसऱ्याच्या ओठात चार्ली पार्कर. लक्ष देऊन ऐका. कोण कुठला ते पहिल्या काही क्षणांत ओळखू येतं, आणि तुकडा रंगत गेला की कधीकधी ओळखू येईनासं होतं.

2007 मध्ये रुद्रेशला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि तिच्या आधाराने तो दक्षिणेत शिकायला आला. त्या अभ्यासातून 2011 चा ‘संधी’ हा संग्रह निघाला. यात मृदंग आणि खंजिरी आहे, विजेवरची गिटार आहे आणि सॅक्सोफोनबरोबर रुद्रेशचा लॅपटॉपही आहे. सुराच्या मागे त्याच सुराच्या सावल्या उमटत जातात, श्वास लांबतो, एका माणसाचे अनेक होतात. माझ्या कानाला काही जागी यंत्राची गर्दी जास्त वाटते आणि ‘किन्समेन’मधला मोकळा श्वास बरा वाटतो, पण घरातल्या तरुण मुलांना उलट वाटेल, आणि वाटू दे. 2013 मध्ये आलेल्या त्याच्या संग्रहाचं नाव तर सरळ ‘गमक’ आहे. 2016 पासून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जॅझ विभागाची धुरा तो सांभाळू लागला.

या रचना आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. कन्नड जाणणाऱ्यांनी ‘मदर टंग’मधला ‘कन्नड’ हा तुकडा आधी ऐकावा, तोही घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून. त्यात शब्द एकही नाही. तरीही त्यांना काही ओळखीचं लागतं का, ते विचारा. त्या भाषांच्या यादीत मराठी मात्र नाही.