पुढचा पाय उचल
‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट, खात्रीशीर!’ असा फलक चौकात पाहिला आणि हा बेल्ट नेमका मिळतो कसा, ते डोळ्यांनी बघावंसं वाटलं. म्हणून एका रविवारी पुण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये कराटेच्या ग्रेडिंगला जाऊन बसलो.

हॉलभर घामाचा आणि कोऱ्या सुती ड्रेसच्या खळीचा वास होता. पुढे व्हाइट बेल्टची चिल्लीपिल्ली, मागे येलो, ऑरेंज, ग्रीन, कडेला ब्राउन. वॉर्म-अप, पंच, ब्लॉक, किक भराभर उरकलं. परीक्षक मॅडम मात्र टेबलाशी बसल्याच नाहीत. रांगांमधून फिरत होत्या आणि त्यांची नजर सतत मुलांच्या पायांवर. “हात सगळेच झोकात फिरवतात. चोरी पायात सापडते,” त्या म्हणाल्या.

मग ‘हेइआन शोदान’ हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, सुरू झाला. शोतोकान शैलीतला हा सुरुवातीचा काता, हालचाली २१. येलो बेल्टचा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा अगदी मन लावून करत होता, ‘कियाई’, म्हणजे वार करतानाची आरोळी, तर हॉल दणाणून सोडणारी. शेवटच्या चार हालचालींत अंगाचा बहुतेक भार मागच्या पायावर लागतो. तो नेमका पुढे कलत होता. मॅडम त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. “आहेस तसाच राहा. आता पुढचा पाय उचल.” भार खरंच मागे असता तर पाय सहज सुटला असता. त्याला आधी मागे झुकावं लागलं. त्यांनी त्याच्याकडून ते पुन्हा करवून घेतलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच झालं. वहीत त्याच्या नावापुढे त्यांनी ‘पुढच्या वेळी’ असं लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा उतरला होता.

मॅडमनी आधीच सांगितलं होतं: एका जूनमध्ये त्यांच्याकडे ४० मुलं आली होती, ब्राउनपर्यंत ३ उरली. कुणाची दहावी आली, कुणाचं घर बदललं, कुणाला नुसता कंटाळा आला. ४० पैकी ३ ऐकून मी चरकलो होतो. पण त्या मुलाचा पाय पाहिल्यावर त्या तिघांबद्दल आदरच वाटला.

ओकिनावाच्या जुन्या कराटेत बेल्ट नव्हतेच, ते आले ज्युदोतून. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला ‘दान’, म्हणजे वरची श्रेणी, दिला. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये तीच रीत कराटेत आणली. मधले रंग युरोपातल्या ज्युदोत रुजले, नवशिक्यांचा हुरूप टिकावा म्हणून. रंगांचा क्रम शैलीगणिक थोडा बदलतो, पण हिशेब एकच: ‘क्यू’चे, म्हणजे ब्लॅक बेल्टआधीच्या श्रेणींचे, आकडे उतरत एकवर येतात, ब्लॅक बेल्ट लागला की ‘दान’ एकपासून चढू लागतात. म्हणजे फलकावर जो शेवट म्हणून विकला जातो, तिथे मोजणी नव्यानं सुरू होते. वर्षभराच्या खात्रीनं तो विकणं ही मुलांची फसवणूकच आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

ग्रेडिंग संपल्यावर त्या मुलाची आई टेबलाशी आली. “मॅडम, फी भरलीये हो आम्ही.”

“परीक्षेची भरलीये, ताई. आणि त्याची कियाई या बॅचमध्ये सगळ्यात चांगली आहे, ते त्याला घरी सांगा. मंगळवारी अर्धा तास लवकर पाठवा. मी थांबते.”