बिशप येण्याआधी

दृढीकरणाच्या रविवारचे फोटो एकजात सारखे. पांढऱ्या ओढण्यांतल्या मुली, नव्या बुटांत अवघडलेली मुलं, मधोमध बिशपसाहेब आणि कडेला पाळक. हे फोटो मंडळीच्या अहवालात छापून येतात. ही फौज उभी करताना काय काय झालं, ते मात्र अहवालात येत नाही. बरीच वर्षं मी दृढीकरणाआधीचा, म्हणजे पोरांनी विश्वासाला सगळ्यांसमोर स्वतः हो म्हणण्याआधीचा, वर्ग घेते आहे, म्हणून त्यातलं थोडं सांगते.

पहिली गंमत म्हणजे नॅपकिन. बिशप प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि आमची पोरं त्या दिवशी डोक्याला काय काय फासून येतील याचा नेम नसतो. आधी खोबरेल होतं, आता जेल आहे. रांग निम्म्यावर आली की सेवेकऱ्याने हळूच नॅपकिन पुढे करायचा, हे आमच्याकडे ठरूनच गेलं आहे. दुसरी गंमत म्हणजे आया. "पोरगी तयार झाली का?" असं त्या विचारतात, तेव्हा शिंप्याकडचा ड्रेस आला का, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.

वर्ग भरतो शनिवारी संध्याकाळी, देवळाच्या वेस्त्रीत. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन म्हणजे काय, असा सगळा अभ्यासक्रम. पोरं पाढे म्हणावेत तसा विश्वासांगीकार म्हणून टाकतात आणि खारीच्या पुड्याकडे बघत बसतात. असंच म्हणता म्हणता एकदा एक पोरगा मध्येच थांबला. म्हणाला, "बाई, आपण दर रविवारी पंतय पिलाताचं नाव घेतो. पेत्राचं एकदाही नाही. मरियेचं घेतो ते ठीक आहे. पण याचं का?"

मी लहानपणापासून तो विश्वासांगीकार म्हणत आले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. प्रभूखेरीज त्यात दोनच माणसांची नावं आहेत, त्याला जन्म देणारीचं आणि त्याला मृत्युदंड देणाऱ्याचं. मग आम्ही त्याच संध्याकाळी पिलातावर बसलो. तो यहूदियाचा रोमन सुभेदार होता, त्याचं नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरियात सापडला, त्याच्या नावामुळे ही हकिकत 'कोणे एके काळी'तून उठून एका ठरावीक राजवटीत येऊन बसते, हे सगळं निघालं. दहा आज्ञा त्या दिवशी राहूनच गेल्या. पाळकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "पिलातापाशी अडकलो." ते हसले आणि म्हणाले, "सगळेच अडकतात."

या कामात खरा आनंद कशाचा, तर अशा अडकण्याचा. जे पोर सगळं निमूट पाठ करतं, त्याचं मला भय वाटतं.

आपल्याकडे विश्वास शिकवण्याच्या या धंद्यातलं सगळ्यात नामांकित भांडण पंडिता रमाबाईंचं आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणायच्या. पुढची काही वर्षं या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना कुणाही शिकवणाऱ्याला घाम फुटेल. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, इथपासून सुरुवात. मग अंड्याचा पदार्थ खाणार नाही. मग त्रैक्य म्हणजे काय ते पटल्याशिवाय मान्य करणार नाही. मग मनोरमेला काय शिकवायचं ते कोण ठरवणार. आजीबाईंना हा सगळा अहंकार वाटला. शाकाहारात तर त्यांना जातीचा अवशेष दिसला. माझ्या मते तिथे त्या चुकल्या. पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. ज्या पत्रांत शिष्येने आपल्याला खडे बोल सुनावले, तीही त्यांनी जपली, जुळवली. ती 1977 मध्ये ए. बी. शहांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने निघाली, म्हणून आज आपल्याला या घरातल्या गोष्टी कळतात. एखादीने चुलीत घातली असती.

रमाबाईंना पटवणं आजीबाईंना जमलं नाही, ते पुष्कळसं नेहेम्या गोरे यांना जमलं. हे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले चित्पावन. मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. शंका मात्र त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. मला वाटतं, म्हणूनच रमाबाईंना त्यांचं ऐकावंसं वाटलं. ज्याला स्वतःला कधी शंका आली नाही, त्याने दुसऱ्याच्या शंकेला हात घालू नये. पुढे रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात गोऱ्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. आणि याच हट्टी शिष्येने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना वाढवलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्याच्या छपाईचं काम आश्रमातल्या बायकांच्याच हातचं.

आमच्या नगरकडचा किस्सा याच्या उलट चालीचा आहे. नारायण वामन टिळक राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पांत रंगले. त्याने उतरताना नवा करार हातात ठेवला. टिळक वाचायला लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नावगाव मागे राहिलं नाही. आपण कुणाला पुस्तक दिलं, त्याचं पुढे काय झालं, हे त्याला कधी कळलं असेल असं वाटत नाही. वर्गाला हे सांगितलं की पोरं हळहळतात. मला तर त्याचा हेवा वाटतो, कारण त्याच्यावर हजेरीपट भरायची वेळ आली नाही.

घरात मात्र टिळकांना दुसरं शिक्षण मिळालं. बायको लक्ष्मीबाई बिथरल्या, माहेरच्यांकडे राहिल्या, आणि काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी त्यांना ओढलं नाही. त्यांची चूल वेगळी ती वेगळीच राहू दिली. जातीपातीचं जोखड लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून, आपल्या वेळेला फेकलं आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या पश्चात पुढे नेलं ते याच बाईंनी, आणि त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात हे सगळं त्या इतकं हसत हसत सांगतात, की उपदेशाचा वासही येत नाही.

हे वाचलेलं होतं म्हणून एका वर्षी निभावलं. बिशप यायला आठवडा राहिलेला. ड्रेस शिवून तयार, मटणाची ऑर्डर गेलेली. आणि वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाली, "बाई, मी या वर्षी उभी राहणार नाही. सगळ्यांसमोर हो म्हणायचं, आणि मला अजून तसं वाटत नाही." तिची आई माझ्यावर घसरली. "तुम्हीच तिला प्रश्न विचारायला शिकवलंत!" खरं होतं ते. मी आईला एवढंच म्हटलं, की जी इतक्या गंभीरपणे नाही म्हणते, तिच्याच होकाराला पुढे किंमत येईल. त्या रविवारी ती मुलगी तोच पांढरा ड्रेस घालून गायकवृंदात उभी राहिली आणि खड्या आवाजात गायली. आज ती बालवर्ग घेते. दृढीकरणही झालं तिचं, पण ते तिने तारीख सांगून स्वतः मागून घेतलं, आणि त्या दिवशी नवा ड्रेस शिवला नाही. तिच्या बालवर्गातली पोरं आता तिला भंडावून सोडतात. परवा फोनवर रडकुंडीला येऊन विचारत होती, नोहाच्या तारवात मासे घेतले होते का?

तर मंडळींनो, हा वर्ग घ्यायला माणसं हवी आहेत. प्रत्येक देवळात हवी आहेत. धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. शनिवारची संध्याकाळ मोकळी लागते, खारीचा पुडा लागतो आणि "मला माहीत नाही, पुढच्या शनिवारी बघून सांगते" हे वाक्य न लाजता म्हणता यावं लागतं. येत्या रविवारी उपासना सुटली की पाळकांना गाठा आणि नाव देऊन या.